कंसातला हशा

सभागृहातल्या हसण्यासाठी मोठ्या बाईंकडे एक खूण होती: एक छोटी वाटी आणि तिच्यात टिंब. लघुलेखनाच्या कुठल्याही पुस्तकात ती सापडायची नाही. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाईंनी ती आपल्या मनानं पाडली, कारण मंत्रिमंडळी एकदा हसायला लागली की लवकर थांबत नसत, आणि तेवढ्यात बाईंना पेन्सिल बदलून घेता येई.

बाई प्रतिवेदक होत्या. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली एक बुटकं टेबल असतं. तिथं बसून सदस्य आणि मंत्री जे बोलतील ते शब्दन् शब्द टिपायचं, दहा मिनिटं झाली की दुसऱ्या प्रतिवेदकाला जागा द्यायची, आणि वरच्या खोलीत जाऊन टिपलेलं सगळं टाइप करायचं. एकतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. सगळ्यांत जुन्या म्हणून त्या 'मोठ्या बाई' झाल्या आणि नव्या मुली त्यांना जरा वचकूनच असत. "बरोबर की चूक ते ठरवायला इथं तीनशे जण बसलेत," त्या मुलींना सांगत. "आपण झालं ते लिहायचं. व्हायला हवं होतं ते नाही."

हशाचेही त्यांचे नियम होते. एकटाच कुणी हसला तर सोडून द्यायचं. बिचाऱ्याला घरी हसू देत नसतील. तीन बाकांवर पसरलं तर कंसात 'हशा'. मंत्र्यांच्या मागं बसलेले अधिकारीसुद्धा तोंडासमोर फाइल धरून हलायला लागले तर 'मोठा हशा'. एकतीस वर्षांत त्यांनी एकही हशा गाळला नव्हता आणि एकही पदरचा घातला नव्हता.

दिवसाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. गावोगावचे सदस्य आपापल्या भागातली रडगाणी घेऊन यायचे, कुठं पाणी नाही, कुठं डॉक्टर नाही, आणि संबंधित मंत्री उत्तरं द्यायचे. प्रश्नाची भाषा ठरलेली. अमुक ठिकाणी तमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. होय, हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. आणि एकदा 'हे खरे नाही' म्हटलं की खालच्या सगळ्या प्रश्नांना मिळून एकच ओळ: प्रश्न उद्भवत नाही.

ही भाषा बाईंच्या घरातही शिरली होती. घर म्हणजे तरी काय, त्या एकट्याच. लग्न राहूनच गेलं. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आणि शाळेत त्याचं डोकं चालेना तेव्हा सुताराच्या हाताखालीही त्यांनीच घातलं. आता तो स्वतःच चांगला सुतार होता, राजधानीपासून बसनं दोन तासांवर, एका कालव्याकाठच्या वस्तीत. करवतीच्या यंत्रापाशी आयुष्य गेल्यानं त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते आणि कानात यंत्र बसवल्याशिवाय त्याला ढोलही ऐकू येत नसे. फोनवर तो ओरडूनच विचारायचा, "ताई, जेवलीस का?" आणि बाई ओरडून सांगायच्या, "हे अंशतः खरे आहे!"

यात सगळ्यांत तयार होती ती भावाची मुलगी. एकुलती एक. केस कधी म्हणून एका जागी राहायचे नाहीत, म्हणून घरात सगळे तिला झिपरी म्हणत. "आत्या, तू माझ्यावर रागावली आहेस, हे खरे आहे काय?" "हे खरे नाही." "असल्यास, राग कधीपर्यंत जाईल?" "प्रश्न उद्भवत नाही." मग दोघी फोनवरच इतक्या हसत, की शेजारीण भिंत ठोकायची. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा झिपरी तीन दिवस रडली, आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला: "आत्या, माझं लग्न मोडलं, हे खरे आहे. असल्यास, लग्नासाठी शिवलेले कपडे मी आत्ताच घालावेत काय?"

त्यानंतर दोन महिन्यांनी ती कालव्यात पडून गेली.

वस्ती कालव्याच्या अलीकडे, आणि झिपरी जिथं लहान मुलांना शिकवायची ती बालवाडी पलीकडे. रस्त्याचा पूल पाऊण तासाच्या चालीवर. म्हणून मधल्या मध्ये, कालव्यावर टाकलेल्या दोन लोखंडी तुळया आणि त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या लाकडी फळ्या, यांवरून सगळी वस्ती ये-जा करायची. त्या अख्ख्या प्रकरणाला वस्तीत 'फळी' असं एकच नाव होतं. फळीवरून ये, फळीपाशी थांब, पोरांनो फळीवर पळू नका. अलीकडून नववी फळी कुजली होती. त्याआधीच्या दोन फळ्या भावानं स्वतःच बदलल्या होत्या, तर कालव्याचा मुकादम अंगावर धावून आला: सरकारी वस्तूला पुन्हा हात लावलास तर आत बसशील. भाऊ मुळात भित्रा. नववी फळी मापानं कापून, रंधा मारून त्यानं तयार ठेवली होती. ती त्याच्या सुतारी कारखान्याच्या भिंतीला टेकून उभीच राहिली, आणि वस्तीनं कालव्याच्या कचेरीत अर्जांवर अर्ज केले.

दुपारचा एक वाजला होता. लख्ख ऊन होतं. मुलांनी कापलेल्या रंगीत कागदांची पिशवी घेऊन झिपरी घरी निघाली होती. संध्याकाळी ती कालव्याच्या खालच्या अंगाला, पाणी अडवायच्या दरवाजाशी सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा नवव्या जागी फळी होती. अखंड, जुन्या फळ्यांच्याच रंगात रंगवलेली.

"रंग ओला होता, ताई," भाऊ सांगत होता. "बोटाला लागला माझ्या. सुताराला नवं लाकूड कळत नाही होय?"

पण पंचनाम्यात 'सर्व फळ्या सुस्थितीत' असं लिहिलं गेलं. आता फळ्या सगळ्या सुस्थितीत असतील, तर चोवीस वर्षांची धडधाकट पोरगी भर उन्हात पडते कशी? वस्तीनं याचं उत्तर काढायला फार वेळ लावला नाही. लग्न मोडलंच होतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बालवाडीत तिचा फोटो लावायचं ठरलं होतं ते राहिलं, आणि नळावर भावजय गेली की बायकांचं बोलणं तुटायला लागलं. मग भावजयीनं नळावर जाणंच सोडलं. भाऊच पहाटे उठून पाणी भरायचा.

बाईंकडे तो आला तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी होती.

"सरकारनं म्हणावं, खरं आहे. फळी मोडकी होती आणि माझी पोरगी पडली, हे खरं आहे. बास. तुझ्या त्या कागदावर येऊ दे ते. तुझ्या कागदावरचं कुणाला खोडता येत नाही म्हणतेस ना?"

"नाही येत."

"मग तेवढं कर, ताई. मी ते छापील घेऊन नळावर उभा राहतो."

त्या भागाच्या सदस्याला सगळे मास्तर म्हणत, कारण राजकारणात येण्याआधी तो शाळामास्तरच होता. माणूस भला, पक्ष लहान. प्रश्न विचारायला तो लगेच तयार झाला. "मसुदा मात्र तुम्हीच करून द्या बाई," तो म्हणाला. "तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतंय?" प्रतिवेदकानं सदस्याचा प्रश्न लिहून देणं नियमात बसत नव्हतं. एकतीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदा नियम मोडला.

भाऊ शेजारी बसला होता. बाईंनी पहिली ओळ वाचून दाखवली.

"पूल? पूल कुठाय तिथं?" भाऊ म्हणाला. "फळी आहे."

"फळी नको."

"अगं पण फळीच आहे ती."

"अरे बाबा, तुला नाही कळायचं." आणि खरंच त्याला कळण्यासारखं नव्हतं. त्याच महिन्यात मास्तरांच्या पक्षाचे चार सदस्य उठून सरकारच्या बाजूला जाऊन बसले होते आणि वर्तमानपत्रांना 'फळी फुटली' याखेरीज दुसरा शब्दच सुचत नव्हता. सभागृहात फळीचं नाव काढलं की कुणीतरी दात काढणार, हे बाईंना लिहून द्यायला सांगितलं असतं तर त्यांनी तारखेसकट लिहून दिलं असतं. "झिपरीच्या प्रश्नावर मी कुणालाही हसू देणार नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: कालव्यावरील पादचारी पूल नादुरुस्त असल्याने एका तरुणीचा पडून मृत्यू झाला, हे खरे आहे काय?

भावानं ओळीवरून बोट फिरवलं. "पूल म्हटलं की मोठं वाटतं खरं," तो म्हणाला. ताईपुढं तो कधी बोललाच नव्हता.

प्रश्नांची सोडत निघाली त्यात हा प्रश्न सातवा आला. त्याच्या नंबरापुढं चांदणी होती, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडानं उत्तर द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येणार. बाईंनी घड्याळ लावून हिशेब केला. सातवा प्रश्न बरोबर त्यांच्याच दहा मिनिटांत पडत होता.

"मी बसते हवं तर तुमच्या जागी," बरोबरची प्रतिवेदक म्हणाली. तिला सगळं माहीत होतं.

"नको," बाई म्हणाल्या. "हे मला माझ्या हातानं लिहायचंय."

त्या दिवशी भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईंनी त्याला प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढून दिला, दारापर्यंत सोडलं, आणि आत टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकायचा नाही, पेंगायचं नाही, असं सगळं लहानपणी सांगत तसं सांगितलं. मग त्या खाली गेल्या.

सातव्या प्रश्नाला त्यांची पेन्सिल अगदी स्थिर होती. अध्यक्षांनी नंबर पुकारला. कालव्याच्या खात्याचे मंत्री उठले, चष्मा चढवला आणि कागदावरून वाचलं, "एक, हे खरे नाही. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही."

बाईंच्या हातानं ते लिहिलं. हाताला सवयच होती. डोक्यात मात्र झिपरीचा आवाज आला, फोनवरचा, हसू दाबून धरलेला.

मास्तर ताडकन उठले. "अध्यक्ष महोदय, मुलगी गेली आहे आणि मंत्रिमहोदय खरे नाही म्हणतात?"

मागून एका अधिकाऱ्यानं चिठ्ठी पुढं सरकवली. मंत्र्यांनी ती वाचली. "महोदय, सन्माननीय सदस्यांनी पुलाबद्दल विचारलं आहे. सदर ठिकाणी पूल नाही. खात्याच्या नोंदवहीत त्या ठिकाणी 'फळी' अशी नोंद आहे. ती आमच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जो पूल नाही, तो नादुरुस्त कसा असेल?"

नोंदवहीत फळी होती. वस्तीचाच शब्द, भावाचाच शब्द. बाईंनी मान वर केली नाही. टिपत राहिल्या.

"मग फळी म्हणा!" मास्तरांचा आवाज चढला. "पूल म्हणा, फळी म्हणा. ती फळी मोडलेली होती की नाही, एवढं सांगा!"

मंत्री मनानं वाईट नव्हते. फक्त हजरजबाबी होते, आणि हजरजबाबी माणसाला समोर आलेला शब्द सोडवत नाही. त्यांनी चष्मा काढला. "आमची फळी मजबूत आहे, महोदय," ते म्हणाले. "सन्माननीय सदस्यांनी आपली सांभाळावी."

सरकारच्या बाजूची बाकं खदखदली. मग मधली. पलीकडे जाऊन बसलेले ते चौघे सगळ्यांत जोरात हसले. चिठ्ठी देणाऱ्या अधिकाऱ्यानं तोंडासमोर फाइल धरली. अध्यक्षांनी हातोडा उचलला तेव्हा त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं, आणि खुद्द मास्तरांच्या ओठांचे कोपरे क्षणभर वर गेले. लगेच त्यांनी ते आवरले, पण बाईंनी पाहिलं होतं.

प्रतिवेदकानं गॅलरीकडं पाहायचं नसतं. बाईंनी पाहिलं. पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, भाऊ हसत होता. परक्याच्या लग्नात सगळे हसले म्हणून माणूस हसतो तसा, अदबीनं, थोडे दात दाखवून. एकदा त्यानं शेजारच्याकडंही हसून पाहिलं.

बाईंच्या पेन्सिलीनं वाटी काढली आणि तिच्यात टिंब दिलं.

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. मास्तर उभेच होते. त्यांचा आवाज आठव्या प्रश्नाच्या आवाजात बुडाला.

वरच्या खोलीत टाइप करताना बाई त्या खुणेपाशी येऊन थांबल्या. गाळणं अवघड नव्हतं. हशा लिहायचा की नाही हे प्रतिवेदकावरच असतं. वरिष्ठ तपासतात ते शब्द, हसणं कोण तपासणार? एक खूण सोडून पुढं गेलं की झालं. झिपरीच्या मरणावर कुणी हसलं होतं हे जगात कुठंच राहिलं नसतं. बोटं कळांवर ठेवली आणि त्यांना भयंकर राग आला. का म्हणून गाळायचं? हसलात ना? मग राहू दे तुमच्या नावावर, छापून, बांधून, ग्रंथालयाच्या कपाटात, तुमच्या नातवंडांना वाचू दे. त्यांनी कंस उघडला, 'मोठा हशा' लिहिलं, कंस बंद केला. शिक्षा दिल्यासारखं वाटलं त्यांना. गॅलरीतला भाऊ त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नव्हता.

तो खाली फाटकापाशी उभा होता. कानाचं यंत्र तळहातावर घेऊन त्याची बारीक तार नीट करत होता.

"हे काढलंस कशाला?" बाईंनी विचारलं. मग लक्षात आलं, की त्याला ऐकूच गेलं नसणार. त्यांनी खुणेनं विचारलं.

"मोबाइल ठेवून घेतला त्यांनी दारात," यंत्र कानात बसवत भाऊ म्हणाला. "यंत्रं आत चालत नाहीत म्हणाला दारावरचा शिपाई. मग मीच विचारलं, हे पण यंत्रच आहे, ठेवू का? तर ठेवा म्हणाला. उगाच आपल्यामुळं तुला बोल नको." यंत्र कानात बसल्यावर त्यानं तोंड वर केलं. चेहरा उजळलेला होता. वर्षभरात बाईंनी तो असा पाहिला नव्हता. "जमलं ना गं? सगळे हसले शेवटी, तेव्हाच मला वाटलं, झालं काम. खरं आहे म्हणाले ना?"

बाईंनी एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द घातला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "खरं आहे म्हणाले."

भावानं रस्त्यातच त्यांचे पाय धरले. बाईंनी त्याला उठवलं, बसमध्ये बसवून दिलं, आणि परत येऊन प्रतिवेदकांच्या खोलीतल्या न्हाणीत नळ सोडून रडल्या. छापील कागद ग्रंथालयात जातो, सुतारापर्यंत कुठं पोचतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "ताई, आज ही नळावर गेली! आपण होऊन गेली. मी सांगितलं सगळ्यांना, मंत्री उभं राहून खरं आहे म्हणाले. बालवाडीत फोटो लावणार म्हणतात." बाईंनी फोन ठेवला.

एक गोष्ट त्या विसरल्या होत्या. मास्तर नेकीचा माणूस. ज्याच्यासाठी प्रश्न विचारला त्याला छापील कामकाजाची प्रत टपालानं पाठवायची, हा त्यांच्या कचेरीचा शिरस्ता होता. महिन्याभरानं भावाचा फोन आला, नेहमीसारखा ओरडत. "कागद आलाय, ताई! पाकीट फोडलं नाही अजून. तू आलीस की मिळून वाचू."

बाई मिळेल त्या बसनं निघाल्या. दोन तास त्या एकच विचार करत होत्या: पाकीट आपण फोडायचं, आपण वाचून दाखवायचं. तोंडानं काय, काहीही वाचता येतं.

भाऊ कारखान्यात होता. भिंतीला टेकून ती नववी फळी उभीच होती, धुळीनं भरलेली. त्यानं बाकावरचा भुसा झटकून ताईला बसायला जागा केली आणि पटाशीनं पाकीट कापलं.

"आण इकडं. मी वाचते," बाईंनी हात पुढं केला.

"नको, मीच वाचतो," भाऊ म्हणाला. "छापलेलं आहे ना, याला काही कान लागत नाहीत."

त्याचं वाचणं सावकाश, बोटानं. बाई त्या बोटाकडं पाहत राहिल्या. बोट 'हे खरे नाही'पाशी थांबलं. मागं गेलं. पुन्हा तिथंच आलं. त्यानं वर पाहिलं नाही. बोट पुढं निघालं, 'प्रश्न उद्भवत नाही'वरून, पुलावरून, फळीवरून, आणि एका कंसापाशी येऊन थांबलं.

"मोठा हशा," त्यानं वाचलं. "म्हणजे ते हसले तेच ना?"

"हो."

"हे तू लिहिलंस?"

"हो रे."

आपण खोटं बोललो, मसुद्यातला तो शब्द आपण घातला, यावरून तो बोलेल, बोलायलाच हवं त्यानं, असं बाईंना वाटत होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"या हशात मी आहे का गं, ताई?"

"नाही रे बाळा. गॅलरीतलं धरत नाहीत."

"पण मी हसलो होतो." त्याचं बोट त्या दोन शब्दांवरच होतं. "मला वाटलं, झिपरीबद्दल काहीतरी चांगलं बोलले असतील. ती होतीच तशी. तिचं नाव निघालं की माणसं हसायचीच."

बाईंनी तोंडावर पदर घेतला.

दारात पावलं वाजली. भावजय नळावरून आली होती. हातात भरलेली बादली, आणि वर्षभरानं नीट विंचरलेले केस. पंचनाम्याच्या दिवसापासून ती कुठल्याही सरकारी कागदाला हात लावत नसे. ती दारातच थांबली.

"आला ना कागद?" तिनं विचारलं. "काय लिहिलंय हो?"

भावानं कागदाची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"खरं आहे, असं लिहिलंय," तो म्हणाला.

भावजयीनं बादली खाली ठेवली. तिला ते आणखी एकदा ऐकायचं होतं, आणि तेही या घरातल्या ज्या माणसाच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नव्हती, त्या माणसाच्या तोंडून. "तुम्हीपण वाचलंत ना, वन्सं?"

भाऊ बहिणीकडं पाहत होता.

"होय," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे खरे आहे."